सोळा तालुके आणि एक बंदर

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि त्यांतल्या एकालाही समुद्र लागत नाही. पश्चिमेकडे जा नाहीतर पूर्वेकडे, सरळ रेषेत मोजलं तरी खारं पाणी शेकडो किलोमीटर लांबच. पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, वणीने लोकनायक बापूजी अणे दिले. खलाशी मात्र कुठल्याच तालुक्याने दिल्याचं ऐकिवात नाही. तरीही माझं ठाम मत आहे, की यवतमाळ, दारव्हा, घाटंजी किंवा पांढरकवड्याच्या एखाद्या माणसाला चाळिशीत, पन्नाशीत, नाहीतर निवृत्तीचे पैसे हातात पडल्यावर तैलरंग शिकायची हुक्की आलीच, तर त्याने पहिलं चित्र बंदराचं करावं. तेही मनाने नव्हे. सतराव्या शतकातल्या एखाद्या जुन्या उस्तादाचं बंदर घ्यावं आणि जहाजं, खांब, पायऱ्या, सूर्य, शिडाच्या दोऱ्या यांच्यासकट, ग्राफ टाकून, जसंच्या तसं नकलावं. हे मत कोणी विचारलेलं नाही याची मला कल्पना आहे. पण कलेवरची बहुतेक मतं न विचारताच दिली जातात, आणि विचारून दिलेल्या मतांपेक्षा ती पुष्कळदा बरी असतात.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो वऱ्हाडीत येतो: ‘काहून जी, आपल्या इकडचे नदीनाले सरले काय?’ आक्षेपात दम आहे. दक्षिणेला पैनगंगा वाहते, पूर्वेकडे वर्धा वाहते. इसापूरचं धरण आहे, बेंबळ्याचं आहे, अरुणावतीचं आहे. पाण्याचं चित्रच काढायचं तर पाणी इथेही आहे, निदान संक्रांतीपर्यंत तरी. पण स्थानिकतेचा आग्रह धरणाऱ्यांनी क्षणभर आपली दुसरीतली चित्रकलेची वही आठवावी. त्या वहीत दोन त्रिकोणी डोंगर असतात. दोन्हींच्या बेचक्यातून सूर्य डोकावत असतो आणि त्याला पट्टीने आखलेले किरण असतात. डोंगरातून नदी निघते ती थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत येते, नदीत शिडाची होडी असते, आकाशात इंग्रजी ‘व्ही’सारखे पक्षी, काठावर कौलारू झोपडी आणि झोपडीला खेटून नारळाचं झाड. हे चित्र आर्णीतही निघतं आणि मारेगावातही. आता यवतमाळ जिल्ह्यात पोराला नारळ भेटतो तो किराणा दुकानात, सोललेला आणि शेंडी राखलेला. झाड त्याने पाहिलेलं नसतं. शाळेच्या खिडकीतून साग दिसतो, पळस दिसतो, बाभूळ आणि बोर तर फुकटात दिसतात. त्यांतलं एकही कागदावर उतरत नाही. शिडाची होडीही त्याने पाहिलेली नसते. म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं प्रत्येक पोर कलाजीवनाची सुरुवात न पाहिलेल्या किनाऱ्याची नक्कल करूनच करतं. फक्त मूळ चित्र कोणाचं, ते कोणत्याही गुरुजींना सांगता येत नाही. मी एवढंच सुचवतोय, की नक्कलच करायची तर मालक माहीत असलेल्या चित्राची करावी.

असं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. क्लोद लोरँ नावाच्या चित्रकाराने ते १६४८ साली रोममध्ये पुरं केलं: शेबाची राणी राजा सॉलोमनला भेटायला बंदरातून निघाली आहे. चित्र साधारण दीड मीटर उंच आणि दोन मीटर रुंद. डावीकडे अगदी पुढे जुन्या पडक्या वास्तूचे उंच खांब, त्यांच्या मागे जहाजाच्या डोलकाठ्या. उजवीकडे राजवाडा, त्याच्या रुंद पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, आणि त्या पायऱ्यांवर इवलीशी राणी, निळ्या झग्यात, डोक्यावर सोन्याचा मुकुट. खाली हमालांची सामान चढवण्याची गडबड. डावीकडे एक पोरगा डोळ्यांवर हात धरून बघतोय, कारण समोर क्षितिजाच्या जरा वर सकाळचा सूर्य आलाय आणि त्याचा उजेड लाटांवरून सरळ आपल्या पायांशी येतोय. आता हे चित्र डोळे किलकिले करून पाहा. दोन बाजूंना दोन उंच ढीग, मधल्या बेचक्यात सूर्य, सूर्याखालून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत आलेलं पाणी, पाण्यात शिडाची नाव. डोंगरांच्या जागी इमारती आल्या, झोपडीचा राजवाडा झाला, एवढाच काय तो फरक. आपल्या पोरांनी हीच रचना दुसरीत काढलेली असते आणि गुरुजींनी तिच्याखाली ‘छान’ असा शेरा मारलेला असतो. क्लोदला त्याच रचनेचे पैसे मिळाले, कारण त्याने पुढे काहीतरी केलं. ते काय केलं हेच शिकायचं आहे.

पण ‘ज्याने समुद्र पाहिला नाही त्याने समुद्र रंगवू नये’ हा आक्षेप अजून उभाच आहे. मुळात हा क्लोद कोण? फ्रान्सच्या पूर्वेच्या लोरेन प्रांतातला, म्हणजे समुद्राच्या बाबतीत आपल्यासारखाच कोरडवाहू भागातला. त्याच्या ओळखीतल्या सांड्रार्ट नावाच्या चित्रकाराने लिहून ठेवलंय, की तो आधी पेस्ट्री करायच्या धंद्यात शिकला होता. पुढे इटलीत गेला, तिथे त्याने समुद्र पाहिला, हे खरं. पण समुद्र पाहिला म्हणून बंदरं खरी काढली असं समजू नये. रोममध्ये व्हिला मेदिची नावाचा एक वाडा आहे, तो शहरातल्या टेकडीवर आहे. तिथून बोट सोडायची तर आधी खांद्यावर घेऊन उतरावं लागेल. १६३७ सालच्या एका चित्रात क्लोदने हा वाडा उचलून थेट बंदराच्या काठावर ठेवला. कोणी तक्रार केली नाही, आणि ते चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात मानाने टांगलेलं आहे. शेबाच्या राणीची गोष्ट तर याहून मजेची. बायबलमध्ये ती सॉलोमनकडे उंटांवर मसाले आणि सोनं लादून येते. जहाजाचा तिथे पत्ता नाही. क्लोदने तिला जहाजात बसवली, कारण त्याला बंदर काढायचं होतं आणि बंदरात उंटाचं काही काम नसतं. त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली जाते: माणसं त्याला नीट जमत नसत, म्हणून तो म्हणे म्हणायचा, की मी निसर्गचित्र विकतो, माणसं फुकट देतो. इतक्या मोकळ्या मनाच्या माणसाची नक्कल करताना आपण समुद्र पाहिलाय की नाही याची लाज बाळगायचं कारण नाही.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? अजिंठ्याला जावं. दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं एक जहाज रंगवलेलं आहे, सतराव्या लेण्यात सिंहलाच्या कथेत तर जहाजांची रेलचेल आहे. अजिंठ्यापासून समुद्र सरळ रेषेत तीनशेच्या आसपास किलोमीटर. ही लेणी वाकाटक राजघराण्याच्या ज्या शाखेच्या काळात बहराला आली, तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं शेजारचं वाशिम. तिथला राजा हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव याने तर सोळावं लेणं स्वतः कोरवून घेतलं. आता वाशिमला बंदर होतं असं कोणताही इतिहासकार म्हणणार नाही. तरी पंधराशे वर्षांपूर्वी त्या राजवटीत, पठाराच्या पोटात, दगडाच्या भिंतीवर शिडं फुगली. तेव्हा कोरड्या मुलखातून समुद्र रंगवण्याची ही रीत आपल्याच भागात चांगली मुरलेली आहे, आणि तीही लोरेनच्या पेस्ट्रीवाल्याच्या हजारेक वर्षं आधीपासून. दारव्ह्याहून वाशिम काही लांब नाही. वारसा सांगायला एवढं अंतर चालून जावं.

इथपर्यंत मी फक्त परवानगी मिळवली. आता असं म्हणतो, की समुद्र न पाहिलेला माणूसच या कामाला जास्त लायक आहे. कारण सांगतो. माणूस जे ओळखतो ते तो पाहत नाही. यवतमाळच्या माणसाला बैल काढायला सांगा. त्याला बैल पाठ असतो: वशिंड कुठे, शिंगं कशी, पोळ्याला झूल कुठपर्यंत येते. तो समोर उभ्या बैलाकडे एकदा बघतो आणि मग मनातला बैल कागदावर उतरवतो. समोरच्या बैलाचा मागचा पाय सावलीत निळसर दिसतोय, पोटाखाली जमिनीचा तांबूस उजेड पडलाय, हे त्याच्या गावीही नसतं, कारण बैल निळा नसतो हे त्याला जन्मापासून माहीत आहे. माहितीने डोळ्यांवर पट्टी बांधली जाते. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन चित्रकला-शिक्षिकेने १९७९ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात ती शिकणाऱ्यांना पिकासोचं एक रेखाटन उलटं धरून नकलायला लावते. उलटं धरलं की नाक हे नाक राहत नाही, नुसती वळणं उरतात आणि ती वळणं जशी आहेत तशीच हाताने येतात. आता विचार करा, सतराव्या शतकातलं जहाज यवतमाळच्या माणसाला सरळ धरलं तरी उलटंच असतं. कोणती काठी कशाला आधार देते, कोणती दोरी कुठून कुठे जाते, ती नसली तर काय बुडेल, यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. त्यामुळे त्याला एकच मार्ग उरतो: बघणं. दोरी जितकी तिरकी दिसते तितकी तिरकी काढायची, डोलकाठी ज्या चौकटीत संपते त्याच चौकटीत संपवायची. रत्नागिरीचा माणूस ‘इथे शीड असंच असतं’ म्हणून मनाने घालील आणि चुकेल. आपल्याकडच्या माणसाला तसा आत्मविश्वासच नसतो, आणि शिकणाऱ्याला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

मग हे बंदरच का, ताजमहाल का नाही? कारण जुन्या बंदराच्या चित्रात तैलरंगाचा सगळा अभ्यासक्रम एका जागी मिळतो. खांब आणि पायऱ्या पर्स्पेक्टिव्ह शिकवतात: सगळ्या आडव्या रेघा क्षितिजाकडे धावल्या पाहिजेत, एक जरी चुकली तरी राजवाडा पाण्यात कलतो. लांबचं जहाज हवेचा थर शिकवतं: जितकं लांब तितकं फिकट, कडा तितक्याच विरलेल्या. पाणी हाताला संयम शिकवतं. आणि सूर्य? सूर्य नम्रता शिकवतो. नवशिक्या काय करतो, तर पांढऱ्या रंगाची ट्यूब पिळून एक गोल गरगरीत थापी मारतो, त्यात थोडा पिवळा मिसळतो आणि मागे सरकून बघतो. सूर्य उजळत नाही. तो आणखी पांढरा लावतो. तरी उजळत नाही. कारण नळीतला पांढरा रंग खोलीतल्या उजेडापेक्षा जास्त उजळ होऊ शकत नाही. कॅमलिनची ट्यूब असो नाहीतर विलायती, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्याला आरक्षण नाही. क्लोदचा सूर्य झगझगतो तो स्वतःच्या जिवावर नव्हे. त्याच्याभोवतीचं आकाश फिकट पिवळं, त्याबाहेरचं करडं, त्याबाहेरचं निळं, असं पायरीपायरीने उतरत जातं, आणि समोरचे खांब, डोलकाठ्या, हमाल सगळे अंधारात ढकललेले असतात. शेजारी काळवंडले तेव्हा कुठे हा उजळला. राजकारणात हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. चित्रात कळायला एक बंदर नकलावं लागतं. मग एक दिवस शिकणारा सूर्याला हातही न लावता फक्त उजवीकडचा राजवाडा दोन छटांनी गडद करतो, आणि सूर्य आपोआप पेटतो. हे ज्याला एकदा साधलं त्याला पुढे कोणी शिक्षक नसला तरी चालतं.

सामानाच्या बाबतीत तर आपला जिल्हा अगदी घरचाच म्हणायला हवा. तैलचित्राला लागतं काय? कापड आणि तेल. शिकणाऱ्याला परवडतो तो कॅनव्हास कापसाचा असतो, आणि कापूस काय चीज आहे हे यवतमाळला समजावून सांगणारा अजून जन्माला यायचाय. महागडा कॅनव्हास लिननचा असतो, आणि लिननचा धागा निघतो तो जवसाच्याच झाडाच्या देठातून. रंग ज्या तेलात घोटतात तेही जवसाचंच. विदर्भात जवस पिढ्यान्‌पिढ्या पेरला जातो; आपण त्याची चटणी केली आणि भाकरीशी खाल्ली, युरोपने त्याच्यात रंग कालवून चर्च भरली. जवसाच्या तेलाची करामत अशी, की ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन खाऊन घट्ट होतं, रबरासारखा पापुद्रा धरतं आणि शतकानुशतकं तसंच राहतं. पांढऱ्या आणि फिक्या रंगांसाठी करडईचं तेल वापरतात, ते कमी पिवळं पडतं. करडई काही आपल्याला नवी नाही. मात्र उत्साहाच्या भरात स्वयंपाकघरातली बरणी उचलू नये. शेंगदाण्याचं तेल सुकतच नाही. त्यात रंगवलेली शेबाची राणी नातवंडांच्या लग्नापर्यंत ओलीच राहील आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या शर्टाला लागत जाईल. जवसाचंही घाण्यावरचं तेल तसंच्या तसं वापरत नाहीत, ते शुद्ध करून घ्यावं लागतं. दुकानातली छोटी बाटली बरी. आणखी एक नियम: खालचे थर टर्पेंटाइन घातलेले, पातळ, वरचे थर तेलकट. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर आकसतो, आणि एप्रिलमधल्या काळ्या रानासारख्या भेगा राजवाड्याला पडतात. दोऱ्या आणि डोलकाठ्यांची बारीक टोकं आकाश पुरतं सुकल्याशिवाय काढू नयेत, नाहीतर ब्रश फिरेल तिथे आकाश उखडतं. उन्हाळ्यात सुकायचं काम झपाट्याने होतं, पावसाळ्यात रेंगाळतं. म्हणून आकाश मृगाच्या आधी उरकावं.

‘पण बंदराशी आपला संबंध काय?’ हा प्रश्न ज्यांच्या मनात अजून आहे, त्यांनी शकुंतला रेल्वे आठवावी. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरोगेज लाइन किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकली ती कोणाच्या देवदर्शनाची सोय म्हणून नव्हे. कापूस उचलायचा, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत घालायचा, मुंबईच्या गोदीत उतरवायचा आणि जहाजाने इंग्लंडला पाठवायचा, एवढाच हेतू होता. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन त्या रुळांवर १९९४ पर्यंत धापा टाकत होतं. त्याच्याही आधी, १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला, आणि मुंबईच्या बंदरातून वऱ्हाडच्या गाठी लिव्हरपूलला धो धो गेल्या. तिथल्या बाजारात अमरावतीच्या नावावरून या मालाला ‘उमरा’ म्हणत. आपल्या रानातली बोंडं तिथे दलालांच्या तोंडी होती. म्हणजे जिल्ह्यातला माणूस बंदरावर पोचला नसेल, पण त्याचा माल नेमाने पोचत होता. क्लोदच्या चित्रात पायऱ्यांशी जे हमाल सामान चढवताना दिसतात, त्यांच्याकडे पाहताना आपल्याला परकं वाटायचं कारणच नाही. माल कोणाचा आणि पैसा कोणाला, हा प्रश्नही त्या चित्रात विचारलेला नाही, आणि तेही ओळखीचंच आहे.

आता खरा वाद. ‘नक्कल ही चोरी. स्वतःचं काही करा.’ हे बोलणाऱ्याच्या देवघरात बहुतेक वेळा लक्ष्मी किंवा सरस्वती असते, आणि ती राजा रविवर्म्याच्या वळणाची असते. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि तेव्हापासून त्या देवींच्या नकला, नकलांच्या नकला आणि कॅलेंडरवरच्या नकलांच्याही नकला घराघरांत उदबत्ती घेत आहेत. देवीला चालतं, चित्रकाराला का चालू नये? स्वतः रविवर्म्याला त्रावणकोरच्या दरबारात तैलरंग शिकवायला रामस्वामी नायडूंनी नकार दिला. पुढे थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार तिथे आला तेव्हा त्याचं काम चालू असताना बघायची काय ती मुभा मिळाली. बघून बघून शिकला. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या ठशांवरून हात बसवत, आणि जॉन ग्रिफिथ्स या प्राध्यापकाने १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. त्या मंडळींत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे नामांकित तैलचित्रकार झाले. पॅरिसचं लूव्र संग्रहालय १७९३ पासून नकला करणाऱ्यांना आत घेतं; एक अट अशी, की नक्कल मूळ चित्राच्या मापाची नको, म्हणजे बाहेर जाऊन कोणी बनवाबनवी करणार नाही. इंग्लंडचा टर्नर तर क्लोदच्या बंदरांनी इतका झपाटला होता, की १८१५ साली त्याने त्याच थाटात कार्थेजचं बंदर रंगवलं, आणि मृत्युपत्रात अट घातली: माझी दोन चित्रं नॅशनल गॅलरीला देतो, पण ती क्लोदच्या शेजारी टांगायची. त्यासाठी निवडलेल्या क्लोदच्या दोन चित्रांतलं एक होतं हेच, शेबाच्या राणीचं. आपल्याकडे फ्लेक्स येण्यापूर्वी सिनेमाचे बॅनर रंगवणारे पेंटर फोटोवर ग्राफ टाकून वीस फुटी नायक उभा करत. त्यांच्यातल्या चांगल्यांचा हात कोणत्याही पदविकाधारकाला लाजवील असा होता. नक्कल चोरी तेव्हाच होते, जेव्हा खाली सही आपली घातली जाते. ‘क्लोदवरून’ असं लिहिलं की हिशेब चुकता.

या आक्षेपाचा एक गंभीर भाऊ आहे, त्याला हसण्यावारी नेता येत नाही. तो म्हणतो: यवतमाळ म्हणजे शेतकऱ्यांच्या आत्महत्या, कर्ज, बोंडअळी, तिथल्या चित्रकाराने परदेशी राणी रंगवायची? मला या म्हणण्यातला कळवळा कळतो, पण त्यातली सक्ती पटत नाही. बाहेरच्या माणसाला यवतमाळचं एकच चित्र ठाऊक आहे: भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे बघणारा म्हातारा. ते चित्रही नक्कलच आहे, वर्तमानपत्रातल्या फोटोची, आणि तिच्या कितव्या आवृत्तीपाशी आपण आलो आहोत हे मोजणंही कोणी सोडून दिलंय. ज्याच्या घरात ते दुःख आहे त्याला ते रंगवायचा पहिला हक्क आहे; पण तेच रंगवलं पाहिजे अशी जबरदस्ती त्याच्यावर नको. शिवाय ज्याला सूर्याभोवतीचं आकाश पायरीपायरीने उतरवता येत नाही, त्याच्या हातून म्हाताऱ्याचा चेहरा तरी कसा होणार? तो पुन्हा मनातल्या बैलाकडेच वळेल. आधी बंदर नकलून डोळा तयार करावा, मग त्या डोळ्याने कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाताकडे बघावं. तेव्हा बोटांना पडलेल्या चिरा आणि त्यांत अडकलेला तंतू दिसेल, आणि ते फोटोत नसतं.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. यवतमाळच्या माणसाच्या हाती क्लोद येतो तो मोबाइलवर. दोन मीटरचं चित्र तळहाताएवढं होतं, रंग प्रत्येक फोनवर वेगळे, आणि पडदा मागून उजेड फेकत असल्यामुळे त्यातला सूर्य खराच उजळ दिसतो, जे क्लोदलाही जमलेलं नव्हतं. ब्रशचा फटकारा दिसत नाही, थर कळत नाही. यावर उपाय अर्धामुर्धाच आहे: चांगल्या कागदावर मोठी प्रिंट काढावी, तिच्यावर ग्राफ टाकावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. दुसऱ्या खोलीचा फायदा रंगांपुरता नाही.

चित्र पुरं झाल्यावर ते हॉलमध्ये लागेल आणि पाहुणे विचारतील, ‘हे रामेश्वर होय का?’ हो म्हणावं. ‘ही बाई कोण?’ सॉलोमनचं नाव सांगितलं तर चहा थंड होईल. ‘माहेरी चालली’ म्हणावं. व्हार्निशची मात्र घाई करू नये, सहा महिने तरी थांबावं. आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे घ्यावी. नकलांचं आणि आगीचं जुनं वैर आहे. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून तैलरंगात नकला केल्या, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत त्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. ग्रिफिथ्सच्या नकलांतल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. त्या आगींत चित्रकारांचा दोष नव्हता. तुमच्या घरात तो असू शकतो. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, त्यामुळे ब्रश पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर काडी न लावता पेट घेऊ शकतो, आणि यवतमाळच्या मे महिन्यात तर त्याला फार विचार करावा लागत नाही. चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि तो डबा घराबाहेर ठेवा. नक्कल जळली तर दुसरी करता येईल, मूळ चित्र लंडनला सुखरूप आहे. पण भाव येईल म्हणून मागच्या खोलीत भरून ठेवलेला कापूस अजून विकायचा असतो.